आफ्रिकेतल्या सिंहांचे माहितीपट आणि रात्रीच्या दिव्याचा वाद : थोडी पार्श्वभूमी

सिंहांची फिल्म म्हटलं की पिवळं गवत, एखादं बाभळीचं झाड आणि त्याच्या सावलीत लोळणारा कळप हेच डोळ्यापुढे येतं. ते खरंच आहे, पण ते दिवसाचं आहे. सिंहांनी केलेली शिकार, त्यांची भांडणं, हद्दीवरची मारामारी हे बहुतेक सगळं रात्री चालतं आणि ते कित्येक दशकं कॅमेऱ्याला दिसतच नव्हतं, मग दिसायला लागलं ते दिवे लावून, आणि दिव्याने शिकारच बदलते का, हा जो प्रश्न त्या दिव्यांनी उभा केला तो अजून पुरता मिटलेला नाही. म्हणून हा लेख जास्त त्या दिव्याबद्दल आहे.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यातच. १९०९ मध्ये अमेरिकेचे नुकतेच पायउतार झालेले राष्ट्राध्यक्ष शिकारीला पूर्व आफ्रिकेत गेले, तर इकडे शिकागोतल्या एका कंपनीने एक म्हातारा सिंह विकत घेऊन स्टुडिओतल्या खोट्या जंगलात त्याला गोळी घातली आणि तीच आफ्रिकेतली शिकार म्हणून दाखवली. ती तुफान चालली. पुढच्या वर्षी खरी आफ्रिकेत काढलेली फिल्म आली ती त्यापुढे फिकी पडली. वीस आणि तीसच्या दशकातही मांडून केलेले प्रसंग भरपूर होते. बदल झाला तो पन्नासच्या दशकात, १९५५ चा सिंहांवरचा रंगीत सिनेमा सुमारे तीन वर्षं तिथे राहून काढला होता, आणि १९५९ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ माळांवर एका जर्मन बापलेकाने केलेल्या फिल्मला ऑस्कर मिळालं, त्यातला मुलगा मात्र फिल्म पूर्ण व्हायच्या आधीच विमान अपघातात गेला.

पण तेव्हा सगळं काम फिल्मच्या रिळावर. १६ मिलिमीटरचं चारशे फुटी रीळ म्हणजे जेमतेम ११ मिनिटं, आणि त्या रंगीत फिल्मला ऊन लागायचं. सूर्य मावळला की कॅमेरा पेटीत. त्यामुळे चित्ता हिरो झाला, कारण तो बहुतेक शिकार दिवसा, उघड्या माळावर करतो. आणि तरस झाला चोर. सकाळी कॅमेरा पोचायचा तेव्हा सिंह झेब्र्यावर बसलेले असायचे आणि तरस लांब उभे, त्यावरून अर्थ काढला गेला की मारलं सिंहांनी आणि हे उष्टं खायला आलेत. साठच्या दशकात एका संशोधकाने टांझानियातल्या न्गोरोंगोरोच्या विवरात रात्र रात्र जागून, चांदण्यात गाडीतून पाठलाग करून बघितलं तेव्हा कळलं की बऱ्याचदा शिकार तरसांनी केलेली असायची आणि सिंह ती हिसकावून घ्यायचे. एवढं उलटं चित्र आपण पिढ्यान् पिढ्या खरं मानून चाललो होतो, आणि कारण फक्त एवढंच की कॅमेरा सकाळी यायचा. नर सिंह आळशी, बायकांच्या जिवावर खातो, हेही त्याच पठडीतलं. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कच्या सिंहांच्या गळ्यात जागा दाखवणारे जीपीएस पट्टे लावून जो अभ्यास आला त्यात दिसलं की नर रात्री दाट झाडीत दबा धरून स्वतः शिकार करतात. दाट झाडीत, रात्री, म्हणजे जिथे कॅमेरा कधी गेलाच नव्हता तिथे.

आता मूळ वाद. बोट्स्वानात चोबे नॅशनल पार्कच्या आत सावुती म्हणून भाग आहे. तिथला पाण्याचा प्रवाह १९८२ च्या सुमाराला आटला आणि पुढे पंचवीसेक वर्षं कोरडाच राहिला. उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर हत्ती, सिंह, तरस सगळे एकत्र यायला लागले. तिथे राहून काम करणाऱ्या एका जोडप्याने ठरवलं की रात्री थांबायचं आणि दिवे लावून शूट करायचं. १९९२ मध्ये त्यांची सिंह आणि तरसांच्या वैरावरची फिल्म आली. अंधारातून एक नर सिंह धावत येतो आणि तरसांच्या टोळीची म्होरकी असलेल्या मादीला मारून टाकतो, खात नाही, मारून निघून जातो. ज्यांनी तो शॉट बघितलाय ते विसरत नाहीत. सिंह हत्ती मारतात हेही तिथेच नीट नोंदवलं गेलं, १९९३ ते १९९६ या चार वर्षांत ७४ हत्ती. आधी असं कोणी म्हटलं असतं तर कॅम्पफायरच्या गप्पा म्हणून सोडून दिलं असतं.

पण दिवा लावला की त्या शिकारीचं काय होतं? दिव्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की कळपाला महिनोन् महिने गाडीची आणि उजेडाची सवय केलेली असते, सिंह दबा धरून असताना दिवा बंद ठेवतात आणि धावाधाव सुरू झाली की मगच लावतात. विरोधात बोलणारे म्हणतात की सवय सिंहाला झाली, झेब्र्याला कुठे झाली, त्याच्या डोळ्यावर एकदम झोत पडला तर तो काही क्षण आंधळाच होतो आणि तेवढे क्षण सिंहिणीला पुरतात, किंवा उलटंही होऊ शकतं, दबा धरलेली सिंहीणच उजेडात सापडते आणि तिची रात्र उपाशी जाते. दोन्ही बाजूंना अनुभव आहे. माझं मत विरोधकांकडे झुकतं आणि त्याला कारण चंद्र आहे. टांझानियातल्या अभ्यासात दिसलंय की चांदण्या रात्री सिंहांची पोटं कमी भरलेली असतात, आणि माणसांवरचे हल्ले पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, चंद्र उशिरा उगवतो तेव्हाच्या काळोखात वाढतात. साध्या चंद्राच्या उजेडाने एवढा फरक पडत असेल तर गाडीवरच्या दिव्याने पडत नाही असं म्हणणं मला पटत नाही. तरीही त्या दिव्याशिवाय तरसाची बदनामी आणखी कितीतरी वर्षं चालली असती हे पण तितकंच खरं.

दक्षिण आफ्रिकेत क्रुगरला लागून असलेल्या खाजगी रिझर्व्हमधल्या ट्रॅकर, म्हणजे प्राण्यांचा माग काढणाऱ्या लोकांनी यावर आपापले नियम बसवलेत. ट्रॅकर बॉनेटवरच्या छोट्या सीटवर बसतो, हातात दिवा, तो डावीकडून उजवीकडे फिरवत राहतो आणि डोळे चमकले की थांबवतो. चमक इम्पाला हरणाची निघाली तर दिवा लगेच बाजूला. बिबट्या शिकारीच्या पवित्र्यात असेल तर दिवाही बंद आणि इंजिनही. बरेच जण दिव्याला लाल काच लावतात कारण बहुतेक सस्तन प्राण्यांना लाल उजेड कमी जाणवतो. हे नियम कुठल्या चॅनेलने शिकवलेले नाहीत, रोज रात्री तिथे बसणाऱ्यांनी केलेत, आणि मला ते फिल्मवाल्यांच्या छापील आचारसंहितांपेक्षा जास्त विश्वासाचे वाटतात.

इन्फ्रारेड आल्यावर वादाची धार कमी झाली. २००६ च्या एका गाजलेल्या मालिकेत सावुतीचेच तीसेक सिंह रात्री हत्तीला घेरतात ते सगळं इन्फ्रारेड दिव्यांवर काढलंय. प्राण्यांना तो उजेड दिसत नाही, माणसांनाही नाही, म्हणजे टीमने ठार काळोखात हत्तींच्या मधे बसून फक्त स्क्रीनकडे बघायचं. मग थर्मल कॅमेरे आले, त्यांना उजेडच लागत नाही, अंगाची उष्णता दिसते. आपल्याकडे मुंबईच्या नॅशनल पार्कला लागून रात्री फिरणारे बिबटे २०१६ मध्ये जगाने बघितले ते याच कॅमेऱ्यांमुळे. २०२० पर्यंत नुसत्या चांदण्यात रंगीत शूट करणारे कॅमेरे आले.

तरी सगळी रात्र दिसायला लागली असं नाही. केनियात मसाई मारातल्या मुसियारा दलदलीचा कळप १९९६ पासून एका ब्रिटिश मालिकेने घरोघरी पोचवला, बारा वर्षं ती चालली, पण ती मुख्यतः दिवसाची होती. संध्याकाळी पर्यटकांच्या गाड्या बाहेर पडल्या की मसाई गुराखी गुरं आत आणायचे, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, दुष्काळात गवत दुसरीकडे नसतंच, त्यांनी तरी काय करावं. डिसेंबर २०१५ मध्ये सिंहांनी गुरं मारली आणि मेलेल्या गुरावर कार्बोसल्फान नावाचं कीटकनाशक टाकलं गेलं. काही सिंह मेले, त्यात १७ वर्षांची बिबी होती, मालिका बघणारे तिला नावाने ओळखायचे. त्या कळपावर २०१८ मध्ये नवी फिल्म आली तिच्यात गुरं आणि विषबाधा दोन्ही आहेत, आणि निसर्ग माहितीपटांत इतकी वर्षं माणूस फ्रेमच्या बाहेर ठेवायची जी पद्धत होती ती मोडली हे फार बरं झालं.

राहता राहिलं जुनं फुटेज. झोतातल्या शिकारीचे नव्वदच्या दशकातले शॉट्स आणि इन्फ्रारेडचे शॉट्स बघणाऱ्याला सारखेच 'रात्रीचे' वाटतात, आणि त्यावरून सिंह कशी शिकार करतो याची मतं बनतात. जुनी फिल्म पुन्हा दाखवताना खाली एक ओळ टाकायला काहीच हरकत नसावी की हे दिवे लावून चित्रित केलेलं आहे.