दोन मिलिमीटरचा धूर

हल्ली कुठलंही इंजिन कुरकुरलं की पहिला आरोपी ठरलेला: ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मे महिन्यात मालवणच्या जेटीवर एका मित्राच्या होडीचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या कडेला बाहेरून टांगलेलं, इंजिन असंच आरोपपत्रासकट समोर आलं. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर एकच. रेस दिली की मस्त पळायचं. पण पर्यटक चढवायला स्लोवर ठेवलं की भकाभक धूर, पाण्यावर सप्तरंगी तवंग आणि दहा मिनिटांत प्लग ओला, काळाकुट्ट. ‘इथेनॉलनं वाट लावली,’ यावर जेटीवर सर्वांचं एकमत.

इथेनॉलवर बाकीचे आरोप जरूर करा. ते पाणी शोषतं, काही जुन्या रबरांना फुगवतं. पण हा गुन्हा थेट त्याचा नव्हे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो. एक किलो निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटमधून, इंधन मोजून सोडणाऱ्या भोकातून, तेवढंच इंधन आलं तर मिश्रण उलट लीन होईल, पेट्रोल कमी पडेल. आमच्यासमोरचं इंजिन तर रिच चाललं होतं, पेट्रोल जास्त पीत होतं.

मग जास्तीचं पेट्रोल येत कुठून होतं? इथे माझा आवडता भाग सुरू होतो.

कार्बोरेटरचा गळा मध्ये अरुंद असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल नळीतून वर चढतं. याचं गणित डॅनियल बर्नुलीनं १७३८ मध्ये मांडलं. अरुंद गळ्याला नाव मिळालं ते इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरीचं, १७९७ च्या त्याच्या प्रयोगांमुळे. शाळेत इथवर येतं. शाळेत न येणारी गोष्ट अशी, की हा दाबातला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग दहापट कमी झाला, तर ओढ शंभरपट कमी.

आकडे घालून बघू. फुल रेसला गळ्यातली हवा सेकंदाला ५० मीटर धावते असं समजा. हवेची घनता १.२ धरली, तर निम्मे गुणिले १.२ गुणिले ५० चा वर्ग, म्हणजे १५०० पास्कल. एवढ्या फरकानं पेट्रोलचा स्तंभ सुमारे २० सेंटीमीटर उचलला जाईल. आता स्लोवर, वेग ५ मीटर. फरक १५ पास्कल. स्तंभ? फक्त दोन मिलिमीटर!

वाटीतली पातळी मुख्य नळीच्या तोंडाच्या चार मिलिमीटर खाली आहे असं धरा. स्लोवर दोन मिलिमीटरची ओढ तिथवर पोचतच नाही. मुख्य नळी गप्प बसते. तेव्हा इंजिन जगतं ते थ्रॉटलच्या, म्हणजे रेस कमीजास्त करणाऱ्या, पाकळीमागच्या बारीक भोकावर. पाकळी जवळजवळ मिटलेली असल्यानं तिच्यामागे इंजिनाची ओढ जबरदस्त असते. आता काही कारणानं वाटीतली पातळी तीन मिलिमीटर चढली, तर गप्प बसायची ती नळीही ठिबकू लागते. बारीक भोकाचं पेट्रोल अधिक नळीचं पेट्रोल: रिच. आणि फुल रेसला? वीस सेंटीमीटरच्या ओढीपुढे तीन मिलिमीटर म्हणजे किस झाड की पत्ती. म्हणून स्लोवर धूर आणि पळताना सगळं आलबेल.

पण पातळी चढते कशानं? वाटीत फ्लोट असतो, संडासाच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पेट्रोल भरलं की तो वर येऊन नीडल, म्हणजे टोकदार बूच, दाबतो आणि वाट बंद करतो. नीडल झिजली की गळते. पण गळती इंजिनाच्या खपापेक्षा कमी असेल, तर चालू इंजिनात तिचा पत्ताही लागत नाही. ती खपाला मागे टाकते तेव्हाच पातळी वर सरकते, आणि खप सर्वांत कमी असतो तो स्लोवर. बॉलकॉक गळत असला तरी दिवसभर कळत नाही, रात्री वापर थांबला की टाकी वाहते, तसंच.

मित्रानं तोवर दोन उपाय केले होते. पेट्रोलच्या पाइपावर ‘ॲव्हरेज वाढवणारं’ चुंबक चढवलं होतं. पेट्रोलचे रेणू चुंबकाला भीक घालत नाहीत. होडीच्या नाळीवरचं, पुढच्या टोकावरचं, लिंबू-मिरची निदान स्वस्त तरी. दुसरा उपाय कार्बोरेटरवरचा, स्लोचं मिश्रण ठरवणारा स्क्रू पिळण्याचा. स्क्रू गळ्याच्या हवेकडच्या बाजूला असेल तर बहुधा हवेचा, आत फिरवला की मिश्रण रिच होतं. इंजिनाकडे असेल तर बहुधा इंधनाचा, आत फिरवला की लीन. हे न बघता पिळणं म्हणजे दिवा कुठला ते न बघता बटणं दाबणं.

आम्ही चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी, पाकळी पूर्ण उघडते का ते पाहिलं. उघडत होती. पेट्रोल पंपाच्या रबरी पडद्याला भोक असतं तर पेट्रोल वाटी टाळून थेट क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या पोटात, गेलं असतं. पडदा उजेडासमोर धरला, धड होता. मग वाटी उघडली. फ्लोट कानाशी हलवला. आत खुळखुळ नाही, म्हणजे तो फुटून पेट्रोल भरून जड झालेला नव्हता. शेवटी नीडल. तिच्या रबरी टोकावरून नख फिरवलं आणि अडकलं: गोल खाच.

नवी नीडल आणि ती जिथे टेकते ती सीट बसवली, कार्बोरेटर उलटा धरून फ्लोट बॉडीला समांतर केला, प्लग बदलले. पिळलेला स्क्रू मात्र जेटीवर बांधलेल्या होडीत लावता येईना. इंजिन गरम आणि पंखा गियरमध्ये पाणी कापत असताना तो लावायचा असतो. म्हणून खाडीत सावकाश दोन फेऱ्या मारल्या, दर खेपेला स्क्रूला पाव वळसा. दुसऱ्या फेरीत धूर विरळ झाला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही जळतं, त्याचा निळसर धूर थोडा राहणारच.