हौदा आखडला, केबिन फुगली

ह्यूस्टनच्या केटी फ्रीवेवर सकाळी साडेसातला उभे राहिले, तर नजर जाईल तिकडे पिकअप दिसतात. आत एकटा माणूस, शेजारी कॉफी, मागचा हौदा रिकामा आणि बहुतेक वेळा झाकलेला. यातली सर्वांत ओळखीची फोर्ड एफ-१५० घ्या. चार दारे, साडेपाच फुटी हौदा, लांबी जवळजवळ ५.९ मीटर, आरसे सोडून रुंदी २.०३ मीटर, वजन सव्वादोन टनांच्या आसपास. एवढे सगळे एका माणसाला आणि त्याच्या लॅपटॉपला ऑफिसात पोचवायला.

आपल्याकडे पिकअप म्हटले की डोळ्यांपुढे बोलेरो येते, तिच्या हौद्यात कांद्याच्या गोण्या, नाहीतर दुधाचे कॅन. घरात दुसरी गाडी असेल तर मालक सोयरिकीला जाताना ती काढतो. अमेरिकेत हीच जात सोयरिकीलाही जाते, चर्चलाही आणि ऑफिसलाही. तिथे तिला नुसते 'ट्रक' म्हणतात. ह्यूस्टन-डॅलसकडे नव्याने गेलेल्या मराठी माणसाला ऑफिसातला सहकारी 'माझा ट्रक बाहेर उभा आहे' म्हणाला, की क्षणभर दहाचाकी आठवतो.

अमेरिकन माणसाला मोठे आवडते, हे याचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. साठ-सत्तर वर्षांत वॉशिंग्टनमध्ये जे जे नियम झाले, त्यांत ट्रक म्हणजे कामाची गाडी असे गृहीत धरून त्याला सवलत दिली गेली. सवलत कायम राहिली, काम मात्र हळूहळू उतरले.

सुरुवात खरोखर शेतातूनच झाली. मॉडेल टी घेतलेले शेतकरी तिचा मागचा भाग कापून तिथे लाकडी खोके बसवत, कधी स्वतः, कधी गावच्या लोहाराकडून. हे पाहून फोर्डने १९२५ साली कारखान्यातूनच हौदा लावलेली मॉडेल टी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर, ताकद २० हॉर्सपॉवर. पहिल्याच वर्षी जवळजवळ ३४ हजार गाड्या बनल्या. महायुद्धानंतर, १९४८ साली, एफ-सिरीज आली. एफ-१ म्हणजे अर्धा टन माल वाहणारी, मग चढत्या क्रमाने एफ-८पर्यंत. आजच्या पिकअप त्याहून कितीतरी जास्त ओझे उचलतात, पण 'हाफ टन' हे नाव तसेच चिकटून राहिले आहे.

आरामाच्या गोष्टी आधी चोरपावलांनी आल्या. १९५३च्या एफ-१००ला, म्हणजे नव्या रूपातल्या एफ-१ला, जादा पैसे भरून ऑटोमॅटिक गिअर घेता येई. १९५५ साली शेवरलेने कॅमिओ कॅरिअर काढली. तिच्या हौद्याला बाहेरून फायबरग्लासचे गुळगुळीत पत्रे होते, मडगार्ड बाहेर आलेले नव्हते, आतली सजावट कारसारखी होती. महाग असल्यामुळे चार वर्षांत सुमारे १० हजारच खपल्या. पण नुसत्या देखणेपणासाठी पिकअपला जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक असते, हे कंपन्यांना कळून चुकले.

यानंतर गोष्ट कोंबडीकडे वळते. १९६०च्या सुमाराला अमेरिकेची स्वस्त कोंबडी पश्चिम युरोपच्या बाजारात धो धो जाऊ लागली. तिथले कुक्कुटपालक ओरडले, युरोपच्या सामायिक बाजारपेठेने आयात कर वाढवला. वाटाघाटी फिसकटल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३मध्ये उलट फेड केली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के कर. ट्रकचा रोख मुख्यतः जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. पुढे स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी सुटले. ट्रक अडकला तो अडकलाच. परदेशी कारवर दोन-तीन टक्के कर आणि परदेशी पिकअपवर पंचवीस, अशी विचित्र स्थिती २०२५पर्यंत दशकानुदशके टिकली. तिकडे लोक त्याला 'चिकन टॅक्स' म्हणतात. आपण कोंबडी कर म्हणू.

हा कर चुकवण्यासाठी जे जुगाड झाले ते आपल्या जुगाडांना लाजवतील असे आहेत. पुरा ट्रक आणला तर २५ टक्के, पण हौदा नसलेला सांगाडा आणि केबिन आणली तर ४ टक्केच. म्हणून जपानमध्ये माझदाने बनवलेली फोर्ड कुरिअर आणि इसुझूने बनवलेली शेवरले लव्ह हौद्याशिवाय बोटीतून उतरत, हौदा अमेरिकेत बसवला जाई. ही फट १९८० साली बुजवली. सुबारूने आणखी कमाल केली. तिच्या ब्रॅट नावाच्या चिमुकल्या पिकअपच्या उघड्या हौद्यात मागे तोंड केलेल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसवल्या आणि ही प्रवासी कार आहे असे सांगितले. कस्टमने मानले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर अशी एक ब्रॅट होती.

गंमत सोडली तर परिणाम गंभीर होता. मोठ्या पिकअपच्या बाजारात डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांना (फोर्ड, शेवरलेवाली जनरल मोटर्स आणि डॉजवाली क्रायस्लर) दशकानुदशके बाहेरचा स्पर्धक जवळपास उरला नाही. सेडानमध्ये होंडा आणि टोयोटा त्यांना घाम फोडत होत्या, तिथे नफा पातळ. पिकअपमध्ये जाड. पैसा, डिझाइनर, जाहिराती सगळे जिथे नफा तिथे गेले.

दुसरा धक्का धुराचा आणि तेलाचा. १९७५पासून नव्या गाड्यांना धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल लागू लागले. मालासह ६,००० पौंडांपेक्षा जास्त वजनाला मान्यता असलेले ट्रक मात्र तेव्हा या नियमातून सुटत होते. फोर्डने काय करावे? एफ-१०० जरा दणकट केली, ती ६,००० पौंडांची रेघ ओलांडून पलीकडे नेली आणि तिला नाव दिले एफ-१५०. पुढे वर्षानुवर्षे अमेरिकेत सर्वाधिक खपलेली ही गाडी मुळात एका नियमाच्या पलीकडे पाय टाकण्यासाठी जन्मली. एफ-सिरीज १९७७पासून तिथली सर्वाधिक खपाची ट्रकमाला आहे.

ऑक्टोबर १९७३च्या अरब तेलबंदीनंतर अमेरिकी काँग्रेसने १९७५ साली कंपन्यांना सरासरी ॲव्हरेजचे बंधन घातले. कारसाठी १९८५चे लक्ष्य होते गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर. हलक्या ट्रकसाठी वेगळे, सैल लक्ष्य. ते पुढे बराच काळ लिटरला साडेआठ-पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास घुटमळले. ८,५०० पौंडांच्या वरच्या ट्रकना तर कित्येक वर्षे लक्ष्यच नव्हते. १९७८च्या कायद्याने पेट्रोल पिणाऱ्या कारवर खास कर बसवला. त्यातूनही पिकअप वगळलेली. शेतकऱ्याला आणि सुताराला भुर्दंड नको, हा हेतू चांगलाच होता. पण नियमाला गाडी दिसते, चालवणाऱ्याचे हात दिसत नाहीत. मोठी कुटुंबे ज्या लांबलचक स्टेशन वॅगन वापरत त्या कारच्या नियमात सापडून मेल्या. त्यांची जागा मिनीव्हॅन, एसयूव्ही आणि पिकअप यांनी घेतली. कागदोपत्री हे सगळे ट्रक.

ऑफिसची गाडी व्हायला एक अडचण उरली होती, ती म्हणजे केबिन. जुन्या पिकअपला एकच बाक. पोरांना बसवायचे कुठे? चार दारांची केबिन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅव्हलेटपासून होती, पण ती मजुरांची टोळी नेण्यासाठी. डॉजने १९७३ साली बाकामागे थोडी जागा काढून क्लब कॅब आणली, पुढच्या वर्षी फोर्डची सुपरकॅब आली. त्या मागच्या जागेत माणसापेक्षा किराणा मालाची पिशवी जास्त सुखाने बसे. खरी कलाटणी २००१च्या सुमाराला मिळाली. एफ-१५०ला चार पूर्ण दारे आली आणि मागे मोठी माणसे ऐसपैस बसू लागली. त्याच वर्षी टेक्सासच्या जुन्या गुरांच्या रँचचे नाव घेऊन किंग रँच आवृत्ती निघाली, खोगिराच्या चामड्यासारख्या सीटसह. त्याआधी १९९४मध्ये डॉजने आपल्या रॅम पिकअपला लांब पल्ल्याच्या ट्रेलरसारखे उंच नाक दिले होते आणि तिचा खप काही वर्षांत तिपटीहून अधिक झाला होता. तेव्हापासून पिकअपची नाके उंचच होत गेली आहेत.

केबिन वाढली, पण गाडीच्या लांबीला मर्यादा आहे. मग आखडला हौदा. पूर्वीचा नेहमीचा हौदा आठ फुटांचा, कारण प्लायवुडची शीट आठ बाय चार फुटांची. ती सपाट ठेवून फळका लावता यायला हवा. आता खपणाऱ्या चारदारीला साडेपाच फूट मिळतात, शीट बाहेर लोंबते. सत्तरच्या दशकातल्या एफ-सिरीजमध्ये केबिन आणि हौदा मिळून होणाऱ्या लांबीत केबिनचा वाटा सुमारे ३६ टक्के आणि हौद्याचा ६४ टक्के होता. २०२१पर्यंत तो उलटून ६३ आणि ३७ झाला. या दोन आकड्यांत सगळा इतिहास मावतो असे मला वाटते.

प्राप्तिकर खात्याला मात्र हौद्याची लांबी चांगलीच ठाऊक आहे. ६,००० पौंडांच्या वरची गाडी धंद्यासाठी घेतली तर तिचा खर्च पहिल्याच वर्षी वजा करता येण्याची मर्यादा २००३ साली २५ हजारांवरून एक लाख डॉलर झाली. डॉक्टर, वकील, इस्टेट एजंट भल्यामोठ्या एसयूव्ही घेऊ लागले, तेव्हा पुढच्या वर्षी एसयूव्हीसाठी ती पुन्हा २५ हजारांवर आणली. निदान सहा फुटांचा हौदा असलेल्या पिकअप त्यातून वगळल्या.

२००८ साली पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेले, तेव्हा हे सगळे कोसळेल असे वाटले होते. त्या मे महिन्यात होंडा सिव्हिकसह चार जपानी कारनी एफ-सिरीजला खपात मागे टाकले. पण पेट्रोल उतरले आणि लोक परतले. मधल्या काळात ॲव्हरेजचे नियमही बदलले. आता लक्ष्य गाडीच्या चार चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावरून ठरू लागले: व्याप जितका मोठा, तितके लक्ष्य सैल. छोटी पिकअप बनवणे अवघड आणि मोठी बनवणे सोपे झाले. फोर्डची छोटी रेंजर २०११च्या अखेरीस अमेरिकेत बंद पडली, ती बरीच वर्षे परतली नाही. २०१८मध्ये तर फोर्डने मस्टँग वगळता आपल्या कार अमेरिकेत बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मग गिऱ्हाईक शोरूममध्ये गेले तर बघणार काय?

या गाड्या खरेच सुधारल्या आहेत, हेही सांगायला हवे. २०१५च्या एफ-१५०चे अंग ॲल्युमिनियमचे झाले आणि तिच्या वजनात ७०० पौंडांपर्यंत घट झाली. टर्बो व्ही-सिक्स इंजिने आली. आत बसले तर दिवाणखाना. रोजचा एकेरी प्रवास सरासरी २७ मिनिटांचा आणि चारांतले तीन नोकरदार एकट्याने गाडी हाकणारे, हे २०१९चे चित्र. अशा देशात दिवाणखान्याला मोल आहे, आणि लोक ते देतात. नव्या मोठ्या पिकअपची सरासरी किंमत अलीकडे ६० हजार डॉलरच्या वर गेली आहे.

त्याशिवायचे मोल दुसरे लोक देतात. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल, तर ३० इंच किंवा कमी आणि उतरत्या बॉनेटच्या गाडीच्या तुलनेत पादचारी मरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. चाळीस इंच म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाची छाती.

या पिकअप बाजाराच्या भिंतीवर एक मराठी मुलखाशी नाते असलेली कंपनीही धडकून आली आहे. मुंबईच्या महिंद्राने २००६च्या सुमाराला जॉर्जियातल्या एका वितरकाशी अमेरिकेत डिझेल पिकअप विकण्याचा करार केला होता. २०१० साली तो मोडला आणि प्रकरण कोर्टकज्ज्यात गेले. त्या पिकअप अमेरिकेच्या रस्त्यावर आल्या नाहीत.

आता टेक्साससह काही राज्यांत एक उलटी लाट दिसते. २५ वर्षांपेक्षा जुनी परदेशी गाडी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांतून सुटते, म्हणून लोक जपानमधून 'केई' नावाचे जुने चिमुकले ट्रक मागवू लागले आहेत. ६६० सीसीचे इंजिन, लांबी जास्तीत जास्त ३.४ मीटर. टेक्सासने २०२४मध्ये त्यांच्या नोंदणीला परवानगी दिली. एफ-१५०पेक्षा अडीच मीटरने आखूड असलेल्या या ट्रकचा हौदा सहा फुटांच्या वर असतो. त्यावरही कोंबडी कर लागतोच.