आर्मेनियातील फळे व ओघी

दक्षिण कॉकेशसमधील आर्मेनिया या डोंगराळ देशातील फळे आणि त्यांपासून गाळली जाणारी दारू. फळांत पहिला मान जर्दाळूचा. त्याचे शास्त्रीय नावच ‘प्रूनस आर्मेनियाका’. वनस्पतिशास्त्रज्ञ या झाडाचे मूळ बहुधा चीन वा मध्य आशियात शोधतात. आर्मेनियन यजमानाच्या ताटावर बसून हा मुद्दा न काढलेला बरा.

जर्दाळूला तेथे ‘त्सिरान’ म्हणतात. अरारात खोऱ्यातील शालाख ही जात विशेष नावाजलेली. आपल्याला जर्दाळू ठाऊक तो सुकलेला, सुक्यामेव्याच्या डब्यातला; तेथे उन्हाळ्यात झाडावर पिकलेल्या ताज्या फळाची आपल्या हापूससारखी वाट पाहिली जाते. राष्ट्रध्वजाच्या तळच्या नारिंगी पट्ट्याला लोक जर्दाळूचाच रंग म्हणतात. दुदुक हे करुण सुरांचे सुषिर वाद्य याच लाकडाचे. त्याच्या संगीताचा युनेस्कोने २००५ मध्ये गौरव केला.

डाळिंब हे सुफलतेचे प्रतीक. लग्नात नवरी ते जमिनीवर आपटून फोडते व विखुरलेल्या दाण्यांत संततीचा शकुन पाहतात. द्राक्षाचे नाते सर्वांत जुने. अरेनी गावाजवळच्या गुहेत सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची, द्राक्षे तुडवून रस काढण्याची जागा व मद्याचे रांजण सापडले आहेत. १५ ऑगस्टच्या आसपासच्या रविवारी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद दिला जातो. त्याआधी नवी द्राक्षे तोंडात घालायची नाहीत, असा रिवाज.

हिवाळ्याची बेगमी म्हणून फळांचा गर पातळ पसरून उन्हात वाळवतात. हा ‘त्तू लावाश’ म्हणजे थेट आपल्या आंबापोळीचा भाऊ, चवीला मात्र बराच आंबट.

उरलेल्या, फार पिकलेल्या फळांची ओघी होते. फळे पिंपात आंबवून तांब्याच्या भट्टीत गाळतात. गोव्यात काजूची फेणी पाहिलेल्याला यात नवे काही वाटणार नाही. ओघी जर्दाळूची, आलुबुखाराची असते, पण जाणकार तुतीची मागतात. झाडाखाली कापड अंथरून फांद्या हलवायच्या व पडलेली तुती गोळा करायची, ही तिची सुरुवात. तिचे नावही ‘तुती ओघी’, मराठी कानाला अगदी घरचे. पाहुण्यापुढे ओघी येते ती शुभेच्छेच्या चार शब्दांसह. नुसता पेला रिकामा करणे असभ्य समजतात.

कारखान्यातील ब्रँडीची कथा वेगळी. नेर्सेस ताइर्यान यांनी १८८७ मध्ये येरेवानमध्ये तिचा पाया घातला, पुढे शुस्तोव्ह या रशियन उद्योजकांनी ती साम्राज्यभर पोहोचवली. लोक तिला आजही ‘कोन्याक’ म्हणतात; हे नाव मुळात फ्रान्सच्या कोन्याक भागातल्या ब्रँडीचे, त्यामुळे फ्रेंचांना ते कितीही खुपले तरी.

तुती ओघीसाठी सर्वाधिक ख्याती आर्त्साखची, म्हणजे अझरबैजानमधील नागोर्नो-काराबाख या डोंगराळ प्रदेशाची. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या लष्करी कारवाईनंतर तेथील लाखभर आर्मेनियन लोकांना घरदार सोडून आर्मेनियात यावे लागले. तुतीची झाडे तिकडेच राहिली.