पिकअप वाहनाची उंची वाढवणे आणि मोठे टायर

पिकअप वाहनाच्या सस्पेन्शनमध्ये फेरफार करून त्याची चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) ॲक्सलपासून (दोन चाकांना जोडणाऱ्या कण्यापासून) अधिक वर नेणे आणि त्यासोबत मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवणे, या एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन कामांना मिळून गाडी उंचावणे असे म्हणतात. त्यासाठी लागणाऱ्या स्प्रिंगा, पाटे (कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या), ठोकळे, शॉकॲब्सॉर्बर आणि बोल्ट यांचा तयार संच लिफ्ट किट या नावाने मिळतो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात या कामामागे पुष्कळदा हौस असते. विदर्भाच्या ग्रामीण भागात मात्र हा प्रश्न बहुधा पांदणीवर, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेवर, गाडी घासल्यानंतरच मनात येतो, आणि तो तिथूनच समजून घेणे सोयीचे आहे.

बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ आणि वर्धा या कपाशीच्या जिल्ह्यांत बेसॉल्ट खडकापासून झालेली काळी माती मोठ्या प्रमाणावर आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट गटाची चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात, त्यामुळे हीच जमीन पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ असते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गावातून शेताकडे जाणाऱ्या पांदणीवर बंडीच्या (बैलगाडीच्या) आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पावसाळाभर चाकोऱ्या खोल होत जातात; दिवाळीच्या सुमारास त्या तशाच वाळून दगडासारख्या कडक होतात आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातऱ्यांच्या, गोळ्याला घासू लागतो. कापसाची वेचणी आणि वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील आंबिया बहाराची संत्री याच काळात बाहेर काढायची असतात. भंडारा, गोंदिया व गडचिरोलीच्या धानपट्ट्यात अडचण वेगळी आहे. तिथे बांध्यांचे (धानाच्या खाचरांचे) धुरे, म्हणजे बांध, ओलांडताना गाडीचे नाक किंवा पोट टेकते.

गाडी नेमकी कुठे टेकते, हे पाहिल्यावाचून किट घेणे म्हणजे आजार न पाहता गोळी घेणे होय. बहुतेक पिकअपांना मागे पाट्यांवर बसवलेला सरळ, अखंड ॲक्सल असतो. अशा ॲक्सलवर सस्पेन्शन कितीही वर नेले, तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून आहे तितक्याच अंतरावर राहतो, कारण तो चाकांसोबत असतो, चॅसीसोबत नसतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा करावा लागतो, आणि तेव्हाही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. उलट चॅसीचे आडवे दांडे, सायलेन्सर, डिझेलची टाकी किंवा पुढचा बंपर घासत असेल, तर सस्पेन्शन उंचावल्याने नक्की फायदा होतो. बंडीचे चाक एवढे मोठे का असायचे, याचे उत्तरही यातच आहे: व्यास मोठा असला की कणा उंच राहतो आणि चाक खड्ड्यात न अडकता त्यावरून सहज पुढे जाते.

मागची बाजू उंचावण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांची प्रत सारखी नाही. थंड पडलेले, म्हणजे वाक गेलेले पाटे पुन्हा कमानदार करून घेणे किंवा संचात एक पाटा वाढवणे, हे काम गावोगावचे कमानवाले किट हा शब्द इकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत. फक्त त्यामागचा हेतू बहुतेक वेळा जास्त माल भरण्याचा असतो. वाढवलेल्या पाट्याने गाडीची कायदेशीर भारक्षमता वाढत नाही. ॲक्सलची नळी, बेअरिंग आणि ब्रेक जुन्याच ताकदीचे राहतात. शिवाय रिकामी गाडी इतकी ताठ होते की डांबरी रस्त्यावरच्या खड्ड्यात मागची चाके उड्या मारतात. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा बसवून लांब यू-बोल्टने आवळणे हा स्वस्त उपाय आहे. तो मागे चालतो, पण पुढच्या, स्टिअरिंगच्या ॲक्सलला ठोकळा कधीही लावू नये आणि मागेही ठोकळ्यावर ठोकळा रचू नये, कारण ब्रेक दाबताना ॲक्सल पिळला जातो आणि रचलेला ठोकळा निसटू शकतो. पाट्यांचे टोक चॅसीला जोडणारी कडी, म्हणजे शॅकल, लांब केल्यास वाढवलेल्या लांबीच्या साधारण निम्मी उंची मिळते, मात्र पाट्यांचा कोन बदलतो. कॅबिन आणि चॅसी यांच्यामध्ये गुटके घालून केलेल्या बॉडी लिफ्टने मोठ्या टायरसाठी मडगार्डात जागा होते. चॅसी जमिनीपासून एक दोराही वर जात नाही. पुढच्या बाजूला काही मॉडेलांना पाटे, तर काहींना कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) असतो, म्हणून एका गाडीचे किट दुसरीला चालेल असे गृहीत धरता येत नाही.

उंची वाढली की तिचे परिणाम ॲक्सलपाशी थांबत नाहीत. मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. त्यावर पाट्याखाली लोखंडी पाचर घालून पिनियनचा (शाफ्ट जिला जोडला जातो त्या डिफरन्शियलच्या दातरीचा) कोन जुळवावा लागतो. पुढे सरळ ॲक्सल असेल तर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे-पुढे कल, बदलल्याने स्टिअरिंग भटकू लागते. ब्रेकचे होज ताणले जातात का, हे चाके पूर्ण लोंबकळती ठेवून तपासावे लागते. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट मात्र एका बारीक दांडीची आहे. अनेक पिकअपांच्या मागच्या बाजूला भार ओळखून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो एका दांडीने ॲक्सलला जोडलेला असतो. भरलेल्या गाडीची चॅसी खाली बसली की दांडी हलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. पाटे उंच केल्यावर भरलेली गाडीसुद्धा या व्हॉल्व्हला रिकामी वाटते, मागचे ब्रेक कमी लागतात आणि चालकाला फक्त एवढेच कळते की गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. दांडी नव्या उंचीला जुळवून न देणाऱ्या कारागिराकडे हे काम देऊ नये.

टायरच्या मापाचे गणित सोपे आहे. २१५/७५ आर १५ या मापात टायरची रुंदी २१५ मिलीमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच असतो. एकूण व्यास सुमारे ७०३ मिलीमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घेतल्यास व्यास सुमारे ७३३ मिलीमीटर होतो, म्हणजे डिफरन्शियलचा गोळा फक्त १५ मिलीमीटरने वर जातो. ३१ इंची टायरने हाच लाभ ४२ मिलीमीटरपर्यंत जातो, परंतु तेव्हा स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६७ च्या वेगाने धावते. गिअरही तितक्याच प्रमाणात लांब होतात आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना त्याची किंमत क्लच मोजतो. माप पाहताना भारांकही पाहावा: १०० हा अंक म्हणजे एका टायरवर ८०० किलो आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. ऐटीत दिसणारा रुंद टायर मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा असेल, तर माल वाहणाऱ्या गाडीला तो कुचकामी आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या प्रदेशात जास्त भार आणि कमी हवा हे एकत्र आले की टायर फुटायला वेळ लागत नाही. चिखलासाठी हवा थोडी कमी केली असेल, तर पांदण संपताच ती पुन्हा भरावी, आणि समृद्धी महामार्गावर चढण्यापूर्वी तर नक्कीच.

नक्षीच्या बाबतीत काळी माती आपले नियम स्वतः ठरवते. खोल खाचांचा मड टायर एरवी फिरताना चिखल बाहेर फेकतो. काळी माती मात्र खाचांत घट्ट बसते, मडगार्डाच्या आत थरावर थर चढवते आणि शेवटी चाकच जाम करते. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन घरी परतलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम बोट शिरेल इतका मोठा टायर इथे उलट घातक ठरतो; निदान चार बोटांची मोकळी जागा हवी. मातीखाली मुरूम असेल तर उंच पण अरुंद टायर चिखल कापून मुरमापर्यंत पोचतो, आणि मुरूम नसेल तर रुंद टायर कमी हवेवर बरा. वर्षातले बहुतेक दिवस डांबरावर चालणाऱ्या गाडीला ऑल टेरेन नक्षी पुरते. चिखलात गाडी उंचीअभावी कमी आणि पकडीअभावी जास्त अडकते, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. फक्त मागच्या चाकांना ताकद असलेली रिकामी पिकअप कितीही उंच केली, तरी मागे वजन नसल्याने जागीच चाके फिरवत बसते.

कापसाचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो. सुटा कापूस वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य, म्हणून तो कॅबिनच्या बराच वर चढेपर्यंत भरला जातो आणि दोरांनी आवळून जिनिंगकडे नेला जातो. अशा मालाने गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. त्यात गाडी ३-४ इंच उंचावली, की पांदणीवरून रस्त्यावर तिरपे चढताना एक बाजू कलंडण्याचा धोका बराच वाढतो. शेतमाल वाहणाऱ्या गाडीला दीड ते दोन इंचांपलीकडची उंची सहसा परवडत नाही.

कायद्याची चौकट किट घेण्याआधीच पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मालवाहू पिकअपला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला न्यावे लागते, त्यामुळे बदल लपून राहत नाही. अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. यावर सुरक्षित वाट अशी की आधी थंड पडलेले पाटे आणि बसलेले शॉकॲब्सॉर्बर बदलून गाडी तिच्या मूळ उंचीवर आणावी, उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांतला मोठ्यात मोठा टायर घ्यावा, आणि त्यापुढे काही करायचे असल्यास परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. पुष्कळ जुन्या गाड्या एवढ्यानेच गमावलेले दोन इंच परत मिळवतात.

टायर बसवल्यावर त्याच्या खांद्याला, म्हणजे नक्षी आणि बाजूची भिंत मिळते त्या कडेला, ओला चुना लावून, एक पुढचे चाक धुऱ्यावर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे; मडगार्डावर किंवा चॅसीवर चुना उमटला तर माप चुकले असे समजावे. ही परीक्षा गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना, दोन्ही वेळा घ्यावी. पाट्यांचे काम झाले असल्यास पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारे हेडलाइट खाली करून घ्यावेत. स्टेपनीचे मापही चारही चाकांसारखेच असले पाहिजे, कारण मागे एका बाजूला लहान टायर लागला तर दोन्ही चाकांचे फेरे जुळत नाहीत, डिफरन्शियलमधील दातऱ्या सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात आणि पन्नास-साठ किलोमीटरच्या प्रवासात तेल चांगलेच तापते.