कंडक्टरचं एक वाक्य आणि दोन रुपये

परवा भाचीनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. दोन बरण्यांत शिजवलेला भात. एका बरणीला रोज 'धन्यवाद' म्हणायचं, दुसरीला शिव्या घालायच्या. शिव्या खाल्लेला भात शब्दांच्या 'व्हायब्रेशन्स'नं म्हणे आधी काळा पडतो. जपानच्या मासारू इमोतो या लेखकानं लोकप्रिय केलेला हा खेळ. बुरशीला ओल कळते, ऊब कळते. जपानी कळत नाही, मराठीही नाही.

माणसाची गोष्ट वेगळी. कॉलेजात असताना एका बस कंडक्टरनं भर गर्दीत मला झापलं होतं, "सुट्टे नाहीत तर चढतोस कशाला? उतर खाली!" मागच्या सीटवरच्या एका बाईंनी काही न बोलता दोन रुपयांचं नाणं पुढे केलं. याला आता तीस वर्षं होतील. त्या बसनं मी शेकडो वेळा गेलो असेन. दुसरी एकही फेरी आठवत नाही. हीच का राहिली? त्यासाठी 'व्हायब्रेशन्स' लागत नाहीत, शरीराची वायरिंग पुरते.

चारचौघांत अपमान झाला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. कान तापतात, छाती धडधडते. शाळेत आपण इथवर शिकतो. खरी गंमत पुढे आहे. मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात, की हे अ‍ॅड्रिनलिन मेंदूत जवळपास शिरतच नाही. मग आत निरोप जातो कसा? आडवाटेनं. छाती-पोटातून मानेवाटे मेंदूच्या देठापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस असते. अ‍ॅड्रिनलिन तिला बाहेरच चाळवतं. ती देठातल्या एका केंद्राला कळवते, ते केंद्र लोकस सेरुलियस या निळसर ठिपक्याला. हा ठिपका नॉरअ‍ॅड्रिनलिन नावाचं भावंड-रसायन अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांच्या केंद्रात सोडतो, आणि अमिग्डाला शेजारच्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागाला, बजावतो की आत्ता जे घडलं ते नीट जपून ठेव. आठवण घडल्या क्षणी पक्की झालेली नसते. काही काळ ती ओल्या सारवणासारखी असते. अ‍ॅड्रिनलिन त्या ओलाव्यात निरोप पोचवतं, म्हणून मांजराचं पाऊलही कायमचं उमटतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लॅरी केहिल, जेम्स मॅगॉ आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये हे माणसांवर तपासलं. काहींना आई-मुलाची एक साधी चित्रकथा दाखवली, काहींना तशीच पण मुलाला गाडीची धडक बसते ती. आठवड्यानं विचारलं, तर धडकेचा भाग जास्त ठळक आठवत होता. पण कथेआधी ज्यांना प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, त्यांच्यात हा ठळकपणा नाहीसा झाला. हे रक्तदाबाचं जुनं औषध. अ‍ॅड्रिनलिन आणि त्याचं भावंड पेशींवरच्या ज्या कुलपांत किल्लीसारखी बसतात, त्यांतली काही ते अडवतं. साध्या कथेची आठवण मात्र औषध घेऊनही तशीच राहिली. म्हणजे औषधानं सरसकट स्मरणशक्ती मंदावली नव्हती, फक्त भावनेची जादा शाई पुसली होती.

ठळक म्हणजे अचूक, असं मात्र नाही. कंडक्टर शब्दशः तेच बोलला होता, हे मी शपथेवर सांगणार नाही.

आता त्या बाई. दोन रुपये मला त्याआधी आणि नंतरही कुणी ना कुणी दिले असतील, ते विसरलो. माझा अंदाज असा, की हे नाणं टिकलं ते कंडक्टरच्या कृपेनं. त्यानं चढवलेलं अ‍ॅड्रिनलिन अजून उतरलं नव्हतं, आणि नाणं त्याच ओल्या सारवणावर पडलं. अपघातात पाणी देणारा, रात्री चुकलेल्याला रस्ता दाखवणारा अनोळखी माणूस जन्मभर आठवतो तो यामुळेच असावा.

देणाऱ्याला याचा पत्ता नसतो. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी शिकागोतल्या एका स्केटिंग रिंकवर लोकांना हवं तर अनोळखी माणसाला हॉट चॉकलेट द्यायला सांगितलं; 2022 मध्ये ते प्रसिद्ध झालं. घेणाऱ्याला किती बरं वाटेल, याचा देणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. देणारा कपातल्या वस्तूचा हिशेब करतो, घेणाऱ्याला त्यामागची आपुलकी मोठी वाटते. त्या बाईंच्या लेखी तेव्हा दोन रुपयेच गेले असणार. पुढच्या स्टॉपला त्या उतरून गेल्या. धडधडत होती ती माझी छाती, त्यांची नव्हे. आणि कंडक्टरचीही नव्हे. त्यानं दिवसाकाठी असे किती झापले असतील!