साउंडबोर्डचं रेकॉर्डिंग आणि प्रेक्षकांतलं रेकॉर्डिंग: एकाच रात्रीच्या दोन टेप

नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनला ऐकायला गेले होते. आत शिरतानाच तुमचा फोन एका पाकिटात घालून ते कुलूपबंद करतात आणि पाकीट तुमच्याच हातात देतात. ते उघडतं बाहेर पडताना. त्यामुळे सगळा कार्यक्रम संपेपर्यंत कुठे उजेडाचा चौकोन नाही, कुणाचा हात वर नाही. ८३ वर्षांचा माणूस पियानोशी बसून गातोय, मध्येच हार्मोनिका उचलतोय आणि हजारो माणसं फक्त ऐकताहेत. इतकं एकाग्र ऐकणं मी फार कमी वेळा अनुभवलंय.

पण घरी आल्यावर हुरहूर लागतेच. हे पुन्हा ऐकायला मिळेल का? आवडत्या गायकाच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग शोधणाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘साउंडबोर्ड आहे का?’, म्हणजे थेट मिक्सरवरून घेतलेलं आहे का? जणू साउंडबोर्ड म्हणजे चांगलं आणि प्रेक्षकांतून केलेलं म्हणजे टाकाऊ. मीही बरीच वर्षं तसंच मानत होते आणि त्यापायी काही सुंदर रेकॉर्डिंग न ऐकताच बाजूला ठेवली. साउंडबोर्ड हा शब्द आवाज कुठून घेतला एवढंच सांगतो, तो कसा आहे हे सांगत नाही.

कार्यक्रमात प्रत्येक माइकची आणि वाद्याची वायर मिक्सरकडे, म्हणजेच साउंडबोर्डकडे येते. साउंडवाला तिथे बसून कुणाला वर घ्यायचं, कुणाला खाली ठेवायचं ते ठरवतो आणि तो एकत्र आवाज स्पीकरकडे जातो. मिक्सरमधून आणखी एक वायर काढून थेट रेकॉर्डरला जोडली की झालं साउंडबोर्डचं रेकॉर्डिंग. त्यात सभागृहाची हवा जवळजवळ येतच नाही. प्रेक्षकांतल्या रेकॉर्डिंगमध्ये माइक लोकांमध्ये असतो. आवाज स्पीकरमधून निघून, भिंतींना आणि छताला आपटून, माणसांच्या अंगावरून माइकपाशी पोचतो.

खरी मेख इथे आहे: साउंडवाल्याने ते मिश्रण रेकॉर्डरसाठी केलेलं नसतं, समोरच्या सभागृहासाठी केलेलं असतं. सभागृह लहान असेल तर ड्रम आणि गिटारचा अँप्लिफायर स्टेजवरूनच धडाक्यात ऐकू येतात. मग साउंडवाला त्यांना स्पीकरमध्ये फारसं घेत नाही, गायकाचा आवाज तेवढा वर चढवतो. तिथे बसलेल्यांना सगळं जमून आल्यासारखं वाटतं. त्याच रात्रीच्या साउंडबोर्डच्या टेपवर मात्र गायक कानात बसल्यासारखा आणि ड्रम शेजारच्या घरात चालल्यासारखा. मोठ्या स्टेडियममध्ये उलट होतं. तिथे प्रत्येक आवाज स्पीकरमधूनच पोचवावा लागतो, म्हणून मिक्सरवरचं मिश्रणही भरलेलं असतं. अर्थात छोट्या, घरगुती वाटणाऱ्या जागी वाद्यवृंदासह झालेल्या कार्यक्रमाचं साउंडबोर्ड हाती लागलं तर हुरळून जायच्या आधी ऐकून बघावं.

गायक एकटाच, गळा आणि गिटार एवढंच असेल तेव्हा साउंडबोर्डला तोड नाही. ओळ सुरू होण्याआधी घेतलेला श्वास, तारेवरून सरकणारं बोट, शब्दाच्या शेवटी विरत गेलेलं व्यंजन, सगळं मिळतं. ज्याचे शब्दच ऐकायला आपण जातो, त्या गायकाच्या बाबतीत हे लहान सुख नाही. एक खोट मात्र राहते. पुष्कळ अकूस्टिक गिटारींमध्ये तारांच्या घोडीखाली पिएझो नावाची पट्टी असते. ती तारांची कंपनं थेट विजेत बदलते आणि स्वर जरा चरचरीत, प्लॅस्टिकसारखा येतो. सभागृहात त्याची धार बोथट होते, साउंडबोर्डच्या टेपवर ती उघडी पडते.

प्रेक्षकांतल्या रेकॉर्डिंगचं सगळं नशीब माइक कुठे होता यावर ठरतं. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने ऑक्टोबर १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली, मिक्सरच्या मागे. त्यांच्या उंच काठ्यांवरच्या माइकमुळे साउंडवाल्याला स्टेज दिसेनासं होऊ नये, हा त्यामागचा विचार. या मंडळींनी हे काम एखाद्या कलेसारखं केलं. फ्रेंच रेडिओची एक जुनी मांडणी आहे: दोन माइक एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर, बाहेरच्या बाजूला वळवलेले, मधला कोन ११० अंशांचा. माणसाच्या दोन कानांतलं अंतरही साधारण एवढंच. अशा जोडीने, बरी जागा मिळून केलेलं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं की स्टेज किती रुंद होतं, छत किती उंच होतं हे डोळे मिटून कळतं. साउंडबोर्डमधून ते कधीच कळणार नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. आमच्या घरी वडिलांनी ओळखीच्यांकडून उतरवून आणलेल्या शास्त्रीय मैफलींच्या कॅसेटी होत्या. समेवर येताच उठलेली दाद, पुढच्या रांगेतलं कुणाचं तरी ‘क्या बात है’, चहाच्या कपांची किणकिण, सगळं त्यात होतं. प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी खरखर वाढायची, तरी बुवा कुणासाठी गात होते हे त्या टेपवर ऐकू यायचं. तेच मला प्रेक्षकांतल्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये सापडतं.

डिलनचंच १९६६ चं उदाहरण घ्या. त्या दौऱ्यात पहिला भाग एकट्याचा, अकूस्टिक गिटारवर. दुसरा भाग इलेक्ट्रिक, सोबत हॉक्स हा बँड. लोकसंगीताच्या चाहत्यांना दुसरा भाग सहन होत नव्हता. एका टेपवर श्रोत्यांतून कुणीतरी ‘जूडस!’ (येशूला दगा देणारा शिष्य, म्हणजे ‘गद्दार!’) असं ओरडल्याचं स्वच्छ ऐकू येतं. ती चोरून छापलेल्या तबकड्यांवर कित्येक वर्षं ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ या नावाने फिरली. प्रत्यक्षात ती १७ मे १९६६ ची, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली. १९९८ मध्ये ती अधिकृतपणे आली, तेव्हाही जुनं चुकीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवलं होतं. २०१६ मध्ये त्या वर्षाच्या दौऱ्याच्या ३६ सीडींचा संच निघाला. त्यात बहुतांश टेप दौऱ्यावरच्या साउंडवाल्याने, रिचर्ड ऑल्डरसनने, मिक्सरवरून घेतलेल्या आहेत, काही कार्यक्रम रेकॉर्ड कंपनीने स्वतंत्रपणे मुद्रित केलेले आणि थोडे प्रेक्षकांतून टिपलेले. एकाच संचात दोन्ही प्रकार ऐकायचे तर याहून चांगली शाळा नाही. माझं मत विचाराल तर अकूस्टिक भाग साउंडबोर्डवरच ऐकावा. प्रेक्षकांतल्या टेप खडबडीत आहेत, पण इलेक्ट्रिक भागाच्या वेळी सभागृहात नेमकं काय चाललं होतं ते तिथेच कळतं.

वरचं लेबल खोटं असू शकतं, म्हणून टाळ्या ऐका. साउंडबोर्डवर टाळ्या लांबून, पातळ येतात, कारण त्या फक्त स्टेजवरच्या माइकमधून झिरपलेल्या असतात. प्रेक्षकांतल्या टेपवर त्या गाण्यापेक्षाही मोठ्या असतात आणि एखादी टाळी अगदी कानाशी वाजते.

दोन्ही एकत्र करून तिसरा प्रकारही करतात, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. माइक स्पीकरपासून ३० मीटरवर असेल तर त्याला आवाज सेकंदाच्या सुमारे अकराव्या हिश्शाने उशिरा मिळतो. मिक्सरची टेप तेवढी मागे सरकवली नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. शिवाय दोन रेकॉर्डरची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे तासाभरात पुन्हा फरक पडतो. हे निगुतीने जुळवलेलं मॅट्रिक्स मिळालं तर मी बाकी सगळं सोडून तेच घेते.

अधिकृत लाइव्ह अल्बम ही आणखी वेगळी गोष्ट. तिथे सहसा प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होतं आणि नंतर स्टुडिओत शांतपणे मिश्रण केलं जातं. ‘बूटलेग’ म्हणजे विनापरवानगी काढलेलं रेकॉर्डिंग; हा शब्द आवाजाबद्दल नाहीच, तो परवानगीबद्दल आहे. आणि एमपीथ्री या आवाजाचे तपशील गाळून लहान केलेल्या फाइलची फ्लॅक, म्हणजे काहीच न गाळणारी फाइल केली म्हणून गेलेले तपशील परत येत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

परवानगीचा मुद्दा मी हलका धरत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३८व्या कलमात कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क मानलेला आहे. ज्यांनी रेकॉर्डिंगला मोकळीक दिली आहे अशा कलाकारांचे असंख्य कार्यक्रम इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळाच्या लाइव्ह म्युझिक विभागात फुकट ऐकता येतात, आणि अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन आपल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग स्वतःच विकतो. डिलन मोकळीक देत नाही, म्हणून मी त्या नोव्हेंबरच्या रात्रीचं रेकॉर्डिंग शोधलं नाही.

त्याऐवजी त्याच हॉलमधलं २६ मे १९६६ चं अधिकृत रेकॉर्डिंग लावलं, आणि माझ्या खुर्चीवरून काय ऐकू येत होतं ते आठवत बसले. हा हॉल १८७१ चा. त्याच्या घुमटामुळे आवाज परत येऊन आदळतो ही शंभर वर्षांची तक्रार होती. शेवटी १९६९ मध्ये घुमटाखाली फायबरग्लासच्या मोठ्या चकत्या टांगल्या. तिथले लोक त्यांना मशरूम म्हणतात, मान वर केली की आजही दिसतात. १९६६ मध्ये त्या नव्हत्या. त्या मे महिन्यात वरच्या रांगांत बसलेल्यांनी जो घुमणारा डिलन ऐकला, तो मला त्याच हॉलमध्ये बसूनही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि कंपनीने स्टेजजवळून घेतलेल्या टेपवरही तो नाही.