वतनाचा वाद कुठे न्यायचा? शिवकाळ ते पेशवाईतली छोटी-मोठी न्यायसभा, पात्रता आणि लागणारे कागद

समजा तुम्ही सतराव्या-अठराव्या शतकातले, देशावरच्या एखाद्या गावचे पाटील. एक दिवस भाऊबंद उठून म्हणाला की थोरलं घर आमचं, पाटीलकी आमची, तुम्ही नुसते बसलाय त्या जागेवर. आता दाद मागायची कुठे? आजच्यासारखी तालुका कोर्ट, जिल्हा कोर्ट अशी सरळ उतरंड तेव्हा नव्हती. वाद कशाचा, माणसं कोण, गाव आहे की पेठ यावरून सभा ठरायची. थेट हुजुरात जाऊन राजाच्या कानावर घातलंत तरी बऱ्याचदा उत्तर एकच मिळायचं, की आधी गोतापुढे जा.

तर गोतसभा, म्हणजे गावच्याच माणसांची सभा, हे पहिलं दार. वतन म्हणजे पाटीलकीसारखा वंशपरंपरेचा हक्क, मिराशी म्हणजे वडिलोपार्जित हक्काची जमीन, गावची शिव म्हणजे हद्द, वाटणी, झालंच तर मानपान. मानपान हलकं समजू नका, होळीची पोळी आधी कोणाची आणि पोळ्याला पुढचा बैल कोणाचा यावरून पिढ्यान्पिढ्या केस चाललेल्या आहेत. सभेत पाटील, कुलकर्णी, चौगुला (पाटलाचा मदतनीस), मिरासदार आणि बलुतेदार बसायचे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सुतार, न्हावी, महार यांचं नाव निवाड्याच्या कागदावर यायचं. सही येत नसेल तर धंद्याची खूण, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा वगैरे. वाद एका गावात मावत नसेल, म्हणजे दोन गावांचा किंवा खुद्द देशमुखी-देशपांडेपणाचा असेल, तर परगण्याची देशकसभा. तिथे देशमुख, देशपांडे आणि सरकारचे अंमलदार एकत्र बसायचे. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांची भांडणं शेटे आणि महाजन बघायचे.

धर्माचा प्रश्न असेल तर रस्ताच वेगळा. प्रायश्चित्त, शुद्धी, पौरोहित्याचा हक्क हे पैठण, नाशिक, कऱ्हाड, वाई अशा क्षेत्रांतल्या ब्रह्मसभेकडे जायचं आणि पैठणच्या शब्दाला भलतंच वजन होतं. जातीचे आतले तंटे जातीच्या पंचायतीत. वरती राजाकडे अष्टप्रधानांत दोन वेगळी खाती होती, धर्माचं पंडितरावाकडे आणि बाकी न्यायाचं न्यायाधीशाकडे. १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा न्यायाधीश होते निराजी रावजी. पेशवाईत पुण्याचे न्यायाधीश म्हणून रामशास्त्री प्रभुणे सगळ्यांना माहीत आहेतच.

फौजदारी मामला मात्र गोताच्या हातात फारसा नव्हता, तो दिवाणाचा म्हणजे सरकारचा. रांझ्याच्या पाटलाने बदअंमल केला तेव्हा शिवाजी महाराजांनी स्वतः चौकशी करून त्याचे हातपाय तोडायला लावले आणि पाटीलकी काढून घेतली, हे प्रकरण १६४६ च्या सुमाराचं. पुणे शहर वाढलं तसं तिथे कोतवालाची चावडी आली. चोरी, जुगार, रात्रीची गस्त हे सगळं कोतवालाकडे, आणि त्या एका खुर्चीत केवढी सत्ता होती ते घाशीराम कोतवालाने १७७७ ते १७९१ मध्ये दाखवून दिलं, शेवटी लोकांनीच त्याला दगडांनी ठेचलं.

आणि उसने पैसे बुडवले असतील तर? त्याला बऱ्याचदा कुठलीच सभा लागत नसे. सरळ तगादा लावायचा. सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचा, बाहेर पडू द्यायचा नाही, जेवू द्यायचा नाही, प्रसंगी डोक्यावर दगड ठेवून उभा करायचा. १८१९ साली कंपनी सरकारचा अधिकारी एल्फिन्स्टनने आपल्या रिपोर्टात हे नीट लिहून ठेवलंय. वसुलीची ही पद्धत उघड चालायची.

आता पात्रता. वतनाचा दावा सांगणारा त्या वतनाचा वारस किंवा हिस्सेदार पाहिजे. गावात नुसता कसायला आलेला उपरी असेल तर त्याचा इथे काही संबंध नाही. दावा लावणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांचं पूर्ण म्हणणं लिहून घ्यायचे, त्याला तकरीर किंवा करीना म्हणायचे. त्यात मूळपुरुषापासून सुरुवात, मग दुष्काळात कोण परागंदा झालं, कोणी कोणाला मुतालिक, म्हणजे आपल्या वतीने काम बघणारा, ठेवलं, सगळं येतं. काही करीने वाचताना वाटतं की ही केस नाही, घराण्याची कादंबरी आहे.

कागदांत सगळ्यात कळीचा म्हणजे राजीनामा. नोकरी सोडताना देतात तो नव्हे. ही सभा जो निवाडा करेल तो आम्हाला कबूल, असं दोन्ही पार्ट्यांनी लिहून द्यायचं, आणि ते दिल्याशिवाय सभेचं काम पुढे सरकायचं नाही. त्याला जोडून जामीन पाहिजे, हजर राहण्याचा वेगळा आणि निकालाप्रमाणे वागण्याचा वेगळा. सभेकडे स्वतःचे पोलीस कुठे होते, जामीन राहिलेला शेजारीच पोलीस. मग जुने कागद काढायचे: वतनपत्र, सनदा, आधीचे महजर म्हणजे निवाड्याचे कागद, वंशावळ, वाटणीपत्र. आणि कागद नुसता असून भागत नाही, भोगवटा लागतो. म्हणजे हक्क, मान, इनामाची जमीन खरंच कोण खातंय ते. कागद एकाचा आणि भोगवटा दुसऱ्याचा असं निघालं की सभेची खरी डोकेदुखी सुरू.

इथली सभा आपल्यावर उलटलीय, पाटील त्यांचा व्याही आहे, असं वाटलं तर थळ, म्हणजे निवाड्याची जागा, बदलून मागता यायचं. मग दुसऱ्या गावच्या किंवा परगण्याच्या गोतापुढे वाद न्यायचा आणि तिथेही पुन्हा राजीनामा द्यायचा.

साक्षी घ्यायची पद्धत जबरदस्त होती. साक्षीदाराला देवळात नेऊन बेलभंडार (बेलाचं पान आणि हळद) शपथेसाठी उचलायला लावायचे किंवा नदीच्या पात्रात उभं करायचे आणि मग विचारायचे. शिवेच्या वादात महाराचा शब्द मोठा, कारण शिव त्याच्या पायाखालची. तो शपथ घेऊन हद्दीवरून चालत जायचा आणि तो चालला ती शिव.

साक्षीपुराव्याने सुटलं नाही तर शेवटचा उपाय दिव्य. रवादिव्यात आदल्या दिवशी माणसाची नखं कापायचे, हात धुवून तपासायचे, असलेले डाग-व्रण टिपून ठेवायचे, मग हाताला पिशवी बांधून वर मोहर. दुसऱ्या दिवशी उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढायचा. पुन्हा पिशवी, पुन्हा मोहर, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर उघडून बघायचं की नवीन फोड आलाय का. मोहर, नोंदी, पंच, सगळी काळजी अगदी काटेकोर, आणि एवढं करून निकाल कशावर तर फोडावर! म्हणूनच की काय, बरेच जण दिव्याचं नाव निघाल्यावर तडजोडीला यायचे.

निकालाचा कागद म्हणजे महजर किंवा निवाडपत्र. वरती तारीख, मग हजर असलेल्यांची यादी, मग हकीकत आणि निवाडा. घरात असा कागद असेल तर तारीख बघताना गोंधळ होतो, शक असेल तर ७८ मिळवा, सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. हरलेल्याकडून वेगळं यजितखत लिहून घ्यायचे की मी खोटा झालो, आता माझा दावा नाही. माझ्या मते जिंकणाऱ्यासाठी महजराइतकाच हा कागद मोलाचा, कारण मुदतीचा कायदा वगैरे काही नव्हतं. राज्य बदललं, नवीन अंमलदार आला, की हरलेल्याचा नातू तेच भांडण घेऊन पुन्हा उभा.

फीचं म्हणाल तर जिंकणाऱ्याने हरकी किंवा शेरणी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. ठरीव दर नाही, ऐपत आणि वतनाची किंमत बघून आकडा. दोन्हीकडून सरकारला पैसे, त्यामुळे वाद मिटला की खजिना खूश.

१८१८ ला पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने पंचायती चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण १८२७ चे मुंबई इलाख्याचे रेग्युलेशन आले आणि कामकाज कंपनीच्या कोर्टांकडे गेलं. हे जुने कागद मात्र रद्दीत गेले नाहीत. १८५२ च्या कायद्याने इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दारोदार सनदा मागायला सुरुवात झाली, तेव्हा पेटीच्या तळाशी गुंडाळून ठेवलेला कागद ज्याला दाखवता आला त्याचं इनाम टिकायची आशा, आणि पिढ्यान्पिढ्या नुसता भोगवटा असलेल्या कित्येकांच्या जमिनींवर सारा बसला.